नागेशरावांचं वटवाघूळ

नागेशराव हुपरीकरांनी आयुष्यात कधी कुणाला रस्ता विचारला नव्हता. कोल्हापूरच्या जिल्हा परिषदेत, शिक्षण खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे लोक त्यांनाच विचारायला यायचे. त्यामुळे जगात विचारणारे वेगळे आणि सांगणारे वेगळे, आणि आपण दुसऱ्या जातीतले, असा त्यांचा पक्का समज झाला होता. निवृत्त झाल्यावरही तो ढळला नाही.

२००६ साली मुलाने, मयुरेशने, आईवडिलांना तीन महिन्यांसाठी फ्रँकफर्टला बोलावलं. तो तिथल्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा. ऑगस्टअखेर ही दोघं पोचली तेव्हा फुटबॉल विश्वचषकाचे सामने होऊन गेले होते, पण समोरच्या बाल्कन्यांमध्ये झेंडे अजून लोंबत होते. नागेशरावांनी पहिल्या आठवड्यात ते सगळे झेंडे, कचऱ्याचे चार रंगांचे डबे आणि एस-बान या लोकल गाडीचं वेळापत्रक यांचा नीट अभ्यास केला. मग अभ्यास करण्यासारखं काही उरलं नाही. आणि इथे त्यांना काही विचारायला कुणी येईना.

खरा सल वेगळाच होता. नात ईप्सिता सहा वर्षांची. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर ती जर्मनमध्ये द्यायची. नागेशराव विचारायचे, "आज शाळेत काय केलंस गं?" पोरगी हातवारे करकरून भडाभडा काहीतरी सांगायची, आणि मग सून, निधी, स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाबा, ती म्हणतेय की बाईंचा ससा हरवला." सख्ख्या नातीशी बोलायला मध्ये दुभाषी लागावा, हे त्यांना फार लागलं.

"मी जर्मन शिकणार," त्यांनी एका सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं.

"चार दिवसांत कंटाळाल," त्यांच्या पत्नी मनोरमाबाई म्हणाल्या. त्या स्वतः इथे आल्यापासून नागेशरावांशिवाय इमारतीच्या दाराबाहेर पडल्या नव्हत्या. थंडी, कुत्री आणि आपोआप बंद होणारी दारं, या तिन्हींची त्यांना धास्ती होती.

मयुरेशला मात्र आनंद झाला. जवळच मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे आणि सकाळचे वर्ग चालायचे. "मी इंटरनेटवरून नाव घालतो," तो म्हणाला.

"मी जातो की. मला काय झालंय?"

"बरं. मग एकच लक्षात ठेवा, बाबा. आनफेंगर म्हणजे नवशिके. तो शब्द असेल तो वर्ग घ्या."

नागेशरावांनी तो शब्द लक्षात ठेवला. वर्गाच्या कचेरीत भिंतीवर कागद लावले होते, त्यात आनफेंगर शब्द असलेला, सकाळचा, चालत जाता येईल असा एक वर्ग त्यांना सापडला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. काउंटरवरच्या बाईंनी त्यांच्याकडे जरा नवलाने पाहून काहीतरी विचारलं. नागेशरावांना जर्मनमधला एकच शब्द येत होता, तो मयुरेश फोनवर सारखा म्हणायचा.

"गेनाऊ," ते म्हणाले. म्हणजे, अगदी बरोबर.

बाईंनी अजून खात्री करायला विचारलं, "हॅलोवीन?"

"हॅलो," नागेशरावांनी मान लववून उत्तर दिलं. बाई हसल्या, त्यांनी नाव लिहून घेतलं, आणि नागेशराव जर्मन लोक वाटतात तेवढे तुसडे नाहीत असं म्हणत घरी आले.

ऑक्टोबरातल्या पहिल्या वर्गाला ते इस्त्रीचा शर्ट, स्वेटर आणि नवी वही घेऊन गेले. खोलीत लांब टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर झाकण घातलेलं एकेक यंत्र. नागेशरावांची छाती फुगली. ही टाइपरायटरं. इथे भाषा टाइप करून शिकवतात, आणि टायपिंगमध्ये आपला हात जिल्हा परिषदेत कुणी धरला नव्हता. त्यांनी पुढची जागा घेतली. बाकीच्या सगळ्या बायकाच होत्या, पण भाषा शिकायची हौस बायकांनाच जास्त असते, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मग शिकवणाऱ्या बाई आल्या. रोझविटा केसलर नाव, चांगल्या उंच, मनगटाला घड्याळाऐवजी टाचण्या टोचलेली गादी बांधलेली. त्यांनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी झाकणं काढली.

खाली शिवणयंत्र होतं.

नागेशराव त्या यंत्राकडे बघत राहिले. उठून जावं, तर पुढची जागा घेतलेली. सगळ्यांच्या समोरून जावं लागलं असतं. शिवाय घरी काय सांगायचं? चार दिवस दूर राहिले, पहिल्याच दिवशी परत आले, असं झालं असतं. तोवर केसलरबाई टेबलापाशी आल्या आणि मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "ग्रँडचाइल्ड?"

"गेनाऊ," नागेशराव म्हणाले, आणि अडकले.

फळ्यावर बाईंनी चित्रं लावली होती: भोपळा, भूत, वटवाघूळ. मुलांसाठी घरच्या घरी शिवायचे सोपे पोशाख, तेही ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी. महिनाअखेरीला इथली पोरं असली सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात, एवढं नागेशरावांना शेजारच्या तरुण बाईने इंग्रजीत समजावलं. हे फॅड नवीनच आहे, आमच्या आईला अजिबात पटत नाही, असंही ती म्हणाली. नागेशरावांना तिची आई पाहायच्या आधीच आवडली.

त्यांनी वटवाघूळ निवडलं. ते काळं होतं, मळलं तरी दिसणार नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्या आल्या मयुरेशने विचारलं, "मग, काय शिकलात?"

"नाडेल," नागेशराव म्हणाले.

"नाडेल? म्हणजे सुई?"

"हो. आणि फाडेन म्हणजे दोरा. शेरे म्हणजे कात्री."

मयुरेशने बायकोकडे पाहिलं. "आम्हाला पहिल्या दिवशी माझं नाव अमुक, मी तमुक गावचा, असं शिकवलं होतं."

"नाव काय, पासपोर्टावर असतंच," नागेशराव म्हणाले. "यांची पद्धत व्यवहाराची आहे."

पुढच्या खेपेला मुलाची मापं आणायला सांगितली होती. ईप्सिताचं माप घ्यावं तर ती घरभर सांगणार. नागेशरावांनी सगळे बाहेर गेलेले पाहून खुंटीवरचा तिचा रेनकोट काढला आणि वर्गात दिलेल्या टेपने तो मापला. बाह्या दुमडलेल्या होत्या, त्या काटेकोर माणसाप्रमाणे उलगडून मापल्या. तो रेनकोट निधीने तीन वर्षं पुरावा म्हणून मुद्दाम मोठा घेतला होता, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

कापड केसलरबाईंनीच निवडलं होतं: काळं, जाडसर, ज्याच्या कडेचे दोरे सुटत नाहीत. त्यामुळे कडा दुमडायला नकोत, नवशिक्यांना बरं. घडी घालायची, घडीवर गळ्याची अर्धगोल खूण करायची, पंखांच्या कडा कमानी कमानींनी कापायच्या, बगलेखालून दोन शिवणी मारल्या की झालं. बाई तीन-तीनदा घडीवर हात ठेवून सांगत होत्या की ही बाजू कापायची नाही. नागेशरावांनी मान डोलावली आणि ती बाजू सरळ रेषेत, अत्यंत सफाईने कापली.

वटवाघळाचे दोन भाग झाले.

केसलरबाईंनी दोन्ही हातांत एकेक भाग धरून पाहिला. मग काहीतरी म्हणाल्या, शेजारणीने भाषांतर केलं: "बाई म्हणतात, हरकत नाही, खांद्यावर शिवून टाका. तुम्हाला सरावच होईल."

सराव झाला. पहिली शिवण नागपंचमीच्या नागासारखी गेली. दुसरीत गळाच शिवला गेला, तो उसवायला अर्धा वर्ग गेला. तिसऱ्या खेपेला शिवण सरळ आली म्हणून त्यांनी खुशीत कापड उचललं, तर त्यासोबत त्यांचा डावा हातही वर आला. स्वेटरची बाही वटवाघळाला शिवली गेली होती. आख्खा वर्ग खदखदून हसला. नागेशरावांना नोकरीत कुणी असं हसलं असतं तर त्याची खैर नव्हती. इथे मात्र त्यांनाही हसू फुटलं, आणि ते किती वर्षांनी हे त्यांनाच आठवेना.

यंत्र हळू चालवा, म्हणजे लांगझाम. ओढू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कापड दाबून धरणारा यंत्राचा तो चिमुकला पाय शिवण्याआधी खाली करायचा. नागेशराव ते हमखास विसरायचे. मग केसलरबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणायच्या, "फ्यूसशेन रुंटर, हेर हुपरीकर." म्हणजे, पाय खाली, हुपरीकरसाहेब. शेवटी ते वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं की आंघोळीतही आपसूक तोंडातून यायचं.

एका रविवारी सगळे एस-बानने नदीकाठी फिरायला निघाले. समोरच्या बाकावर एक दांडगा तरुण बुटांसकट पाय पसरून बसला होता. मनोरमाबाईंना टेकायला जागा नव्हती. मयुरेश इकडेतिकडे बघत राहिला. परक्या देशात उगाच कशाला, असा त्याचा स्वभाव. नागेशराव पुढे झाले.

"फ्यूसशेन रुंटर, बिटे," ते म्हणाले. बिटे म्हणजे कृपया.

तरुण क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग निमूटपणे पाय खाली घेतले, माफी मागितली, आणि मनोरमाबाई बसल्या. ईप्सिता मात्र हसून हसून आईच्या कुशीत कोसळली. एवढ्या मोठ्या माणसाला आबांनी बाळाला म्हणतात तसं 'चिमुकले पाय खाली' म्हटलं होतं. पण ते तिने जर्मनमध्ये सांगितलं आणि भाषांतर करायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

"बाबा, उच्चार काय सुरेख आहे तुमचा," मयुरेश म्हणाला.

"सरावाचा भाग," नागेशराव म्हणाले. त्यांना मनातून थोडी लाज वाटली, पण फार नाही.

बेत त्यांनी मनाशी ठरवला होता. वटवाघूळ घरी आणायचं आणि बाजारात सापडलं म्हणून ईप्सिताला द्यायचं. निधीला नवी नोकरी लागली होती, सोंगाचं सामान आणायला तिला वेळ नव्हता, ती सारखी काळजी करत होती. सगळं जमून आलं असतं. पण शेवटच्या वर्गात निरोपाचा केक झाला, केसलरबाईंनी हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, शेजारणीने चक्क मिठी मारली, आणि त्या गडबडीत नागेशराव नुसती वही घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. निधीने घेतला. बराच वेळ ती "या, या", म्हणजे हो, हो, करत ऐकत होती, तिच्या भुवया हळूहळू वर चालल्या होत्या. फोन ठेवून ती बाहेरच्या खोलीत आली.

"बाबा, तुमच्या वर्गातून फोन होता. तुमचं वटवाघूळ तिथेच राहिलंय म्हणाल्या."



"कसलं वटवाघूळ?" मनोरमाबाईंनी विचारलं.

नागेशरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग सगळं सांगितलं. टाइपरायटरपासून स्वेटरच्या बाहीपर्यंत. मयुरेश उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मनोरमाबाई मात्र गंभीरपणे ऐकत होत्या.

"म्हणजे तुम्ही शिवलंत," त्या म्हणाल्या. "तुम्ही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, शर्टाचं बटण तुटलं की माझ्यापुढे येऊन उभे राहता."

"बटण अजून शिकवलेलं नाही," नागेशराव म्हणाले.

वटवाघूळ घरी आलं आणि ईप्सिताच्या डोक्यातून घातलं. ती त्यात दिसेनाशी झाली. पंख जमिनीवर लोळत होते, गळ्यातून एक खांदा बाहेर आलेला. आतून आवाज आला, "त्सू ग्रोस." याचा अर्थ नागेशरावांना कुणी सांगावा लागला नाही. फार मोठं झालं होतं.

ते खुर्चीत बसले. महिनाभर बोटं टोचून घेतलेली, आणि शेवटी हे. ईप्सिताने पंखांतून डोकं बाहेर काढलं, त्यांच्याकडे पाहिलं, मग घरात चहूकडे पाहिलं, आणि ते काळं कापड ओढत नेऊन मनोरमाबाईंच्या अंगावर टाकलं. त्या उंचीने बेताच्या, अंगाने शिडशिडीत. वटवाघूळ त्यांना असं बसलं जसं त्यांच्याच मापाने शिवलेलं.

"आजी फ्लेडरमाउस," ईप्सिता म्हणाली, म्हणजे आजी वटवाघूळ. आणि मग, बहुधा आजीला नीट कळावं म्हणून, मराठीत म्हणाली, "आजी, तू चल माझ्याबरोबर."

कुणीतरी मोठं मुलांसोबत जायला हवंच होतं. निधी कामावरून उशिरा येणार होती. नागेशरावांना वाटलं, ही आता नाही म्हणणार. मनोरमाबाईंनी पंख एकदा पसरून पाहिले, खालून साडीचे काठ दिसत होते ते तसेच ठेवले, आणि म्हणाल्या, "आत कोट घातला तर चालेल का हो? थंडी असेल."

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी ईप्सिता चेटकिणीची कागदी टोपी घालून, शेजारची दोन भुतं आणि मधोमध मनोरमाबाई, अशी वरात इमारतीतून निघाली. नागेशराव मागून बरंच अंतर राखून चालले होते, आपला यांच्याशी संबंध नाही अशा बेताने. पहिल्या दाराशी पोरं घोकलेलं ओरडली: गोड द्या नाहीतर खोडी काढू. मनोरमाबाईंना ते जर्मन काही जमेना. त्यांनी मराठीतच ठणकावून सांगितलं, "गोड काय असेल ते द्या, बाई." दार उघडणारी म्हातारी आधी दचकली, मग वटवाघळाखालचे साडीचे काठ बघून तिने त्यांना मुलांपेक्षा जास्त चॉकलेटं दिली. दुसऱ्या इमारतीत आपोआप बंद होणारं दार मनोरमाबाईंनी पंखाने अडवून धरलं आणि पोरांना आत सोडलं. तिसऱ्या इमारतीत एक कुत्रा भुंकत बाहेर आला, त्यांच्याकडे पाहून परत आत गेला.

घरी आल्यावर मनोरमाबाई आतला कोट काढून, पण वटवाघूळ पुन्हा अंगावर चढवून, थेट पोळ्या लाटायला उभ्या राहिल्या. तोंड चालूच होतं: कुठल्या दाराशी कोण होतं, कुणी काय दिलं, त्या म्हाताऱ्या बाईंनी उद्या कॉफीला बोलावलंय. "मी जाणार आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात तर भाषांतराला बरं."

नागेशराव दारात उभे राहून बघत होते. डाव्या खांद्यावरची त्यांची शिवण उसवायला लागली होती आणि हात हलला की तिथून पांढरं ब्लाउज डोकावत होतं. त्यांनी सुईत दोरा ओवला, खांदा गाठला आणि म्हणाले, "जरा स्थिर उभी राहा."

"आत्ता नको. पीठ लागेल."

"लांगझाम," नागेशराव म्हणाले, "तू लाटत राहा, मी टाके घालतो."

आणि त्यांनी तिथेच, गॅससमोर, वटवाघळाला मनोरमाबाईंच्या ब्लाउजसकट शिवून टाकलं.