एका लाल कार्डाची जपानी उलटतपासणी

माझे मेहुणे बापूसाहेब यांनी कोल्हापुरात चार ठिकाणी सांगितले आहे की, मी जपानला मुलीकडे विश्रांतीसाठी गेलो होतो. बापूसाहेब निवृत्त वकील आहेत; खोटे बोलण्याची त्यांना सवय आहे असे मी म्हणणार नाही, सराव आहे. मी जपानला पुरावा गोळा करण्यासाठी गेलो होतो. विमानात चढताना माझ्या पिशवीत मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि वृत्तपत्राचे एक कात्रण होते. पहिल्या दोन वस्तू मुलीने मागवल्या होत्या, तिसरी माझी होती.

कात्रणात वुकाशिन नावाच्या एका सर्बियन फुटबॉलपटूचे छायाचित्र होते. मधल्या फळीतला हा खेळाडू जपानला जाण्यापूर्वी एक हंगाम भारतातल्या एका क्लबकडून खेळला आणि निमंत्रितांच्या स्पर्धेसाठी कोल्हापुरात आला. गॅलरीला ते नाव झेपले नाही. पहिल्या दहा मिनिटांत वुकाशिनचा 'विकास' झाला. त्या सामन्याचा पंच मी होतो. दुसऱ्या सत्रात त्याच्या बुटाचा तळ सुटला. बूट उंचावून त्याने मला काहीतरी खुणावले, मग तो सरळ रेषेबाहेर गेला आणि बूट बदलून परत आला. परवानगीशिवाय मैदान सोडले, म्हणून एक पिवळे कार्ड. परवानगीशिवाय मैदानात शिरला, म्हणून दुसरे. दोन पिवळी मिळून लाल. नियम मी केलेला नाही.

"ओ सर, मान हलवलीसा की तुमी!" गॅलरी ओरडली. ती अजून ओरडतेच आहे. मी मान हलवून होकार दिला आणि मग त्यालाच बाहेर काढले, असे बापूसाहेब प्रत्येक लग्नकार्यात पंगतीला सांगतात. मी मान हलवली नाही, हे माझे म्हणणे. हलवली असलीच तर नकारार्थी. या एका वाक्यावर मी इतकी वर्षे उभा होतो. अशात ते कात्रण माझ्या हाती आले. २०११ च्या भूकंपानंतर जपान सोडून निघालेला, विमानतळावर बॅग ओढणारा वुकाशिन, आणि खाली 'पळाला' अशा अर्थाचा मथळा. मला वाटले, झाले! परवानगीवाचून मैदान सोडण्याची या गृहस्थाला खोडच आहे. एवढे सिद्ध झाले की माझे कार्डही सिद्ध होईल.

माझी मुलगी मेधा तोक्योत फुनाबोरी येथे राहते आणि एका जपानी कंपनीत काम करते. भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या या फुनाबोरीबद्दल प्रवासवर्णनकार लिहितात की, तेथे पाऊल टाकताच पुण्यात आल्यासारखे वाटते. असे लिहिणाऱ्यांनी पुणे नीट पाहिलेले नाही. फुनाबोरीत कचऱ्याचेसुद्धा वार ठरलेले आहेत. मी मंगळवारी काचेची बाटली ठेवली. ती संध्याकाळी एका सभ्य चिठ्ठीसह आमच्या दारात परत आली. इतक्या अदबीने माझा अपमान कोणी कधी केला नव्हता.

शेजारच्या मराठी मंडळींकडे एकदा जेवणाला गेलो. वुकाशिनचे नाव काढताच पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला तरुण उसळला.

"काका, तो हीरो आहे! सुनामीत पाण्यातून माणसं ओढून काढली त्याने."

"तुम्ही पाहिले?"

"नाही, ऑफिसमध्ये आमचे एक सान, म्हणजे जपानी साहेब आहेत, ते सांगत होते."

"त्यांनी पाहिले?"

तरुणाने पुरीचा तुकडा मोडला. "ते ओसाकाचे आहेत."

ओसाका सुनामीच्या किनाऱ्यापासून किती लांब आहे, हे नकाशा उघडून मी त्याला दाखवले. तेव्हापासून मेधाने मला जेवणाच्या आमंत्रणांना नेणे कमी केले. मात्र तिने एक चांगले काम केले: वुकाशिनच्या जुन्या क्लबला पत्र लिहून त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसाची चौकशी केली. उत्तर आले की, खेळाडूंच्या वसतिगृहाच्या र्योबो (वसतिगृहाच्या माउली) कुमिको-सान अजून गावातच आहेत आणि भेटायला तयार आहेत.

उएनोहून शिनकान्सेनने (बुलेट गाडीने) आम्ही उत्तरेला तोहोकू भागाकडे निघालो. वाटेत एकिबेन (स्टेशनवर मिळणारा जेवणाचा डबा) खाल्ला. तो दिसायला रुखवतासारखा होता आणि चवीलाही साधारण तसाच. पुढे लहान गाडी घेतली. एका स्टेशनावर दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी ती थांबली. फलाटावर गरम पेयांचे यंत्र दिसले. "आलोच," असे मेधाला सांगून मी चहासाठी उतरलो. बटणावरचे चित्र मी चहाचे समजलो. डब्यातून निघाले मक्याचे सूप. मी ते हातात धरून त्याविषयी मत बनवत होतो, तेवढ्यात माझ्यामागे गाडीची दारे मिटली.

पुढची गाडी येईपर्यंत स्टेशनमास्तरने माझी तीन वेळा माफी मागितली. चूक माझी होती, परंतु समोरचा इतका वाकल्यावर आपल्याला वाकायला जागाच उरत नाही. मेधा पुढच्या स्टेशनावर माझी पिशवी घेऊन उभी होती. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि घड्याळाकडे पाहिले. तिच्या आईची ही सवय तिने उचलली आहे.

गावाविषयी मी थोडेच लिहीन. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये आता उंच राखाडी भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे मोठी मोकळी जागा आहे, आणि ती मोकळी का आहे हे विचारावे लागत नाही. पाइनची नवी रोपे गुडघ्याइतकी झाली होती. तेथे मी कोणाशीही वाद घातला नाही.

वसतिगृह टेकडीवर असल्याने बचावले होते. कुमिको-सान माझ्या खांद्याला लागतील एवढ्या; पंच्याहत्तरीच्या असाव्यात, परंतु चाल अशी की मीच मागे पडलो. बूट दारात काढले. आत इमोनी (अळकुड्यांचा रस्सा) उकळत होती. तांबड्या रश्श्याच्या गावच्या माणसाला ती मवाळ वाटावी हे ओघानेच आले, तरीही मी दोन वाडगे घेतले. त्यात मांस कशाचे आहे हे विचारले नाही. पंचाने काही गोष्टींकडे पाहायचे नसते.

"त्यांना विचार," मी मेधाला म्हणालो, "भूकंपानंतर तो पळाला की नाही?"

"बाबा, असं विचारत नाहीत इथे."

"मग कसे विचारतात?"

"आधी रस्सा छान झालाय म्हणतात."

"रस्सा छान झालाय. आता विचार."

कुमिको-साननी पळी बाजूला ठेवली आणि सावकाश सांगितले. वुकाशिनला तेथे सगळे 'बुका-सान' म्हणत. भूकंपानंतर सामने बंद झाले, मैदानात मदतीच्या मालमोटारी उभ्या राहिल्या. त्याची आई घरी आजारी होती. ती रोज फोनवर रडत असे. एका सकाळी त्याने दारात बसून बुटांचे बंद बांधले, कुमिको-सानकडे वळून "इत्ते किमास" म्हणाला आणि गेला.

"म्हणजे गेलाच," मी म्हणालो.

"बाबा, 'इत्ते किमास' म्हणजे 'जाऊन येतो'. कायमचा जाणारा इथे असं म्हणत नाही. तुम्ही मघाशी गाडीतून उतरताना 'आलोच' म्हणालात, तेव्हा काय पळून चालला होतात?"

"तो प्रश्न येथे गैरलागू आहे. वृत्तपत्राने वेगळे लिहिले होते, त्याचे काय?"

मेधाने विचारले. कुमिको-साननी माझ्याकडे पाहून शांतपणे उत्तर दिले, "पत्रकार विमानतळावर होता. दारात मी होते."

चाळीस वर्षे मी शिट्टी वाजवली, परंतु इतका स्वच्छ निर्णय मला एकदाही देता आलेला नाही.

सामने पुन्हा सुरू होण्याच्या आत तो परत आला होता. जवळचा विमानतळ बंद, म्हणून डोंगरापलीकडून बसने आला. दोन बॅगा भरून मुलांचे रबरी बूट आणले होते, कारण गावभर चिखल होता. त्यातले तीन जोड दोन्ही डाव्याच पायांचे निघाले. मुलांनी ते तसेच घातले.

"आणि पाण्यातून माणसे काढली म्हणतात, ते?"

कुमिको-सान तोंडावर हात धरून हसल्या. बुका-सानला पोहता येत नव्हते.

येणेप्रमाणे तो पळाला हे खोटे, आणि ओसाकाची हकीकतही खोटी. त्यानंतर तो दोन हंगाम खेळला. गुडघा दुखावला, एकदा आपल्याच गोलात चेंडू मारला, आणि मग सर्बियात आपल्या गावी परतला. आता शाळकरी मुलांना शिकवतो. मधल्या फळीत तो मंद होता असे माझे मत होते, ते आजही आहे. कुमिको-साननाही ते मान्य आहे.

मी टिपणांची वही मिटत होतो. कार्डाचा निकाल लागला नव्हता, परंतु निदान माझ्या विरोधातही लागला नव्हता. तेवढ्यात कुमिको-सान आपणहून बोलू लागल्या आणि मेधाचा आवाज भाषांतर करताना बारीक होत गेला.

"त्या म्हणतात, तो कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेला तरी मोठ्याने सांगून जायचा. आम्ही चिडवायचो. तर म्हणायचा, भारतात मी एका पंचाला खुणेनं विचारलं, त्यानं मान हलवली, मी गेलो. परत आलो तर त्यानं मला बाहेर काढलं. पुढचा सामना गेला, क्लबनं करारही वाढवला नाही. तेव्हापासून मी तोंडानं सांगतो आणि तोंडानं उत्तर ऐकल्याशिवाय हलत नाही."

करार गेल्याचे मला ठाऊक नव्हते. बापूसाहेबांनाही नाही, असते तर पंगतीला ऐकू आले असते.

"रागावून सांगायचा?" मी विचारले.

छे, नक्कल करून सांगायचा. ती नक्कल वसतिगृहात सगळ्यांनी उचलली. आणखी भात हवा का विचारले की पोरे तोंडाने बोलत नसत, 'इंदो नो हाई' (हिंदुस्थानी 'हो') करत. अशी, म्हणून कुमिको-साननी वाडगा खाली ठेवला, ओठ मिटले, डोळे अर्धे झाकले, हनुवटी जराशी उचलली आणि मान आधी उजव्या खांद्याकडे, मग डाव्या खांद्याकडे एकेकदा कलती केली.

मेधाला हसू फुटले. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि ते गिळले.

"बाबा, ही तुमची मान आहे."

"अशी मान पुष्कळांची असते."

"नाही. ते ओठ बघा. शाळेच्या सहलीला जाऊ का विचारलं की तुम्ही अगदी असंच करायचात. मी लगेच पळायचे, तुमचं मत बदलायच्या आत."

"आणि नाही म्हणताना?"

"नाही म्हणताना तुमची मान हलतच नाही. नुसतं बघता."

येथे एक गोष्ट लिहिणे भाग आहे. त्या सामन्यातला तो क्षण मला आठवत नव्हता. सामन्याच्या त्या संध्याकाळीसुद्धा नाही. बूट उंचावलेला आठवत होता, माझी मान आठवत नव्हती. आणि आठवत नाही असे पंचाने एकदा म्हटले की त्याची शिट्टी कोणी ऐकत नाही, म्हणून मी खात्रीने बोलत राहिलो. खात्री इतकी वर्षे टिकली, ती केवळ बापूसाहेबांच्या विरोधामुळे.

कुमिको-साननी काही विचारले. मेधाने भाषांतर करायला वेळ घेतला.

"विचारतायत, तुम्ही त्या पंचांना ओळखता का?"

मला उत्तर जुळवायचे होते. मान मात्र हलली.

कुमिको-सान बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे मोठे झाले, त्यांनी दोन्ही हात तोंडावर नेले आणि हसता हसता इतक्या वाकल्या की कपाळ टेबलाला लागले. वर झाल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होते. त्यांनी माझा वाडगा ओढून घेतला आणि तिसऱ्यांदा भरला.

त्याच टेबलावर मी वुकाशिनला पत्र लिहिले. मेधाने ते इंग्रजीत केले, कुमिको-साननी ते पाठवण्याची जबाबदारी घेतली. मजकूर असा: 'मी परवानगी दिली होती. तुम्ही गेलात ते बरोबर, आलात तेही बरोबर. दोन्ही कार्डे चुकीची होती. सामन्यापूर्वी बूट मात्र तपासायला हवे होते.' शेवटचे वाक्य काढा, असे मेधाचे म्हणणे पडले. मी नुसते तिच्याकडे पाहिले. वाक्य राहिले.

कोल्हापुरात बापूसाहेब मला उतरवून घ्यायला आले होते.

"काय दाजी, मिळाला का पुरावा?"

"मिळाला."

"कुणाच्या बाजूचा?"

मी त्यांना घरी पोहोचल्यावर दारातच सगळे सांगितले, चहाही न घेता. एवढे जुने लोढणे उतरल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. मला तसे काही जाणवले नाही. लाज वाटली, आणि ती वाटायला उशीर झाला याची अधिक वाटली. दुसऱ्या दिवशी मी फुटबॉल संघटनेत जाऊन माझा त्या सामन्याचा अहवाल चुकीचा असल्याचे लेखी दिले. सचिव तरुण आहेत. कोणता सामना, असे त्यांनी विचारले.

आता बापूसाहेब सांगत फिरतात की हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते. वाचकांनी यावर विश्वास ठेवू नये. ते पूर्वेच्या गॅलरीत खांबामागे बसले होते आणि बूट सुटला त्या मिनिटाला शेंगदाणेवाल्याशी घासाघीस करत होते. माझी मान त्यांना दिसणे शक्यच नव्हते. चूक माझी आहे. ती शोधायला मी समुद्र ओलांडून गेलो, आणि तिच्यात मी कोणालाही वाटा देणार नाही.