आत्याने मागितलेला शेवट

मुलांनो, तुम्ही विचारले आहे की पणजोबा कादंबऱ्या लिहीत म्हणजे दिवसभर नेमके काय करीत. क्रमाने सांगते. आधी त्यांचे काम, मग आमचे घर, मग त्या कामाने घराचे काय केले ते. शेवटचा भाग वाचताना वाईट वाटेल, पण अर्धे सांगून थांबण्याची मला सवय नाही.

तेव्हा कोल्हापुरात महाराजांचे राज्य होते. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, आमचे अण्णा, शाळेत मास्तर होते. सकाळी शाळेआधी लिहीत आणि शाळेतून आल्यावर सकाळचे निम्मे खोडून टाकीत. मी मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. इंग्रजी शिकलेली, अक्षर सुबक, म्हणून छापखान्यात जाणारी स्वच्छ प्रत माझ्याकडे असे. ते वाचत, मी लिहून घेई.

मोठी कादंबरी तेव्हा दोन भागांत निघे. पूर्वार्ध आधी छापायचा, तो घेऊन गावोगाव हिंडायचे, लोकांना वाचून दाखवायचा, उत्तरार्धासाठी वर्गणीदार मिळवायचे, आणि हे सगळे करता करता तो उत्तरार्ध लिहूनही संपवायचा. सुट्टी लागली की अण्णा पुस्तकांचे गठ्ठे बैलगाडीत टाकून पार आजऱ्यापर्यंत जात. एखाद्या वकिलाच्या सोप्यात, म्हणजे पुढल्या ओसरीवर, वाचन होई. पुरुष बाहेर, बायका आतल्या दाराआड. कुठे थांबले म्हणजे लोक चुटपुटत उठतील, हे अण्णांना बरोबर कळे. टेबलाशी बसले की त्यांच्या कानात वाचकांचे आवाज असत आणि वाचकांपुढे उभे राहिले की न लिहिलेली प्रकरणे छळत. शांत असे मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिले.

आता घर. माझी आई मी लहान असतानाच गेली. घर चालवले ते आत्याने, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीने. तिचे लग्न लहानपणी झाले आणि नवराही लहानपणीच गेला. ती आलवण नेसे, म्हणजे विधवांचे ते जाडेभरडे तांबडे लुगडे. डोक्यावर केस ठेवायची मुभा नव्हती. उचगावचा एक म्हातारा न्हावी ठरावीक दिवशी आमच्या मागल्या दारी येई. तुम्हाला हे क्रूर वाटेल. मलाही वाटे. पण आत्याचे जे काही स्वतःचे होते ते यावरच उभे होते. केस राखलेल्या विधवेच्या हातचा स्वयंपाक श्राद्धाला चालत नसे. केशवपन केलेल्या, सोवळ्यातल्या बाईचा चाले. आणि आत्यासारखा श्राद्धाचा स्वयंपाक आमच्या पेठेत दुसऱ्या कुणाला येत नव्हता. नैवेद्याचे अन्न आधी चाखता येत नाही, म्हणून ती पातेल्यावर वाकून नुसती वाफ हुंगे आणि मीठ कमी की जास्त ते सांगे. घराघरांतून तिला बोलावणे येई. आमच्या घरात ती भावाच्या आश्रयाला होती. त्या घरांत ती आत्याबाई होती आणि तिचा शब्द चाले.

अण्णांच्या नव्या कादंबरीची नायिका अशीच एक विधवा होती, वयाने तरुण. वाफेवरून मीठ ओळखणारी. पूर्वार्धाच्या शेवटी ती न्हाव्याला दारातून परत पाठवते आणि पदराखाली केस वाढू देते. तिथे भाग संपत होता.

आत्याला वाचता येत नव्हते. पण अण्णा मला मजकूर सांगत तेव्हा ती पलीकडे भाजी चिरत सगळे ऐके.

"तुझी बाई फार रडते रे," ती एकदा म्हणाली. "आणि दिवाणखान्यात कशाला रडवतोस? चुलीपुढं धूर असतो, तिथं रडलं तर कुणाला कळत नाही."

अण्णांनी हसत तेवढा बदल केला. तोवर सगळे हसण्यावारीच होते.

पूर्वार्ध जोरात चालला. पुस्तके बांधून देणारे एक मुसलमान कारागीर होते. ते गठ्ठे घेऊन आले ते दारातूनच ओरडले, "मास्तर, पुढं काय केलासा त्या बाईचं? आमच्या घरात माझा जीव खाल्ल्यात सगळ्यांनी! न्हावी परत आला की न्हाय?" अण्णांनी त्यांना बसवून घेऊन चहा पाजला. एवढे खूश झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मग पेठेतल्या बायकांना ती मिठाची खूण पटली. एका घरी आत्या स्वयंपाकाला गेली तेव्हा कुणीतरी म्हणाले, "काय आत्याबाई, न्हाव्याला परत पाठवलंत म्हणे!" आत्याही कमी नव्हती. "व्हय की," ती म्हणाली, "त्याच्या जागी तुमचे यजमान येतात काय वस्तरा घेऊन?" सगळ्या हसल्या. पुढच्या घरी तोच प्रश्न आला, पण हसू आले नाही. त्यानंतर बोलावणी विरळ होत गेली.

एका दुपारी अण्णा शेवटच्या प्रकरणांशी झगडत होते आणि मी समोर बसले होते. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"तिला मारून टाक," ती म्हणाली.

"कुणाला, आक्का?"

"तुझ्या त्या बाईला. रंकाळ्यात ढकल, नाहीतर तापानं जाऊ दे. मेली की लोक हळहळतील आणि विसरतील. जिवंत ठेवलीस तर माझ्याकडं बघत बसतील."

"अगं, विधवेला सगळेच लेखक मारतात. मी तिचं लग्न लावणार आहे, एका डॉक्टरशी. निदान मी तरी तिला सुख देतोय."

"माझ्यातलं काढून?"

अण्णांनी लेखणी खाली ठेवली. मग त्यांनी मला नवा कागद घ्यायला सांगितले आणि नायिकेला ताप आणला. आत्या दाराला टेकून ऐकत होती. "तोंडात तुळशीपत्र ठेव तिच्या," एवढेच म्हणाली. अण्णांनी ठेवले. संध्याकाळी भांडी विसळताना आत्या गुणगुणत होती. बऱ्याच महिन्यांनी.

छापायला देण्याआधी अण्णांनी शेवटचे प्रकरण वर्गणीदारांना वाचून दाखवले. ही त्यांची नेहमीची पद्धत होती. वाचनालयात मंडळी जमली. मी मागच्या बाकावर होते. वाचन संपले तरी कुणी मान हलवेना. मग एक वकील उठले.

"मास्तर, आणखी एक मारलीत? दरबार पुनर्विवाहाच्या बाजूचा, शहरात विद्यार्थ्यांची बोर्डिंगं निघताहेत, आणि तुम्ही अजून सरणच रचताय?"

"प्रेतयात्रेला वर्गणी लागते हे ठाऊक नव्हतं," दुसरे कुणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

घरी आल्यावर अण्णांनी पागोटे खुंटीला लावले आणि स्वयंपाकघराकडे न बघता आत गेले. पुढचे काही दिवस ते शाळेत, मुले गेल्यावर, वर्गात बसून लिहीत. प्रतही मी तिथेच केली. मी त्यांना विचारले, "आत्याला सांगितलंत?"

"छापून आल्यावर सांगू. तिला समजेल. शेवट चांगलाच आहे की."

दोन्ही शेवट माझ्याच अक्षरात होते. छापखान्यात लग्नाचा गेला.

उत्तरार्धाने अण्णांचे नाव झाले. सत्कार झाले, सभांची आमंत्रणे आली. आत्याला शेवट शेजारणीकडून कळला. त्यानंतर अण्णांना वाढताना ताट जमिनीवर जरा आपटले जाई.

पितृपक्ष आला. त्या वर्षी एकाच घरचे बोलावणे आले. नेमका उचगावचा न्हावी तापाने पडला. दुसऱ्या न्हाव्यापुढे डोके द्यायला आत्या तयार नव्हती, आणि राहिलेले एकमेव घर सोडायलाही. ती पदर घट्ट आवळून निघाली. मला सुट्टी होती, मी सोबत गेले.

त्या घरच्या म्हाताऱ्या बाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. आत्याला त्या वर्षानुवर्षे ओळखत होत्या.

"आत्याबाई, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "पदर तेवढा जरा मागं घ्या."

आत्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मग स्वतःच पदर मागे सारला. डोक्यावर पांढऱ्या केसांची बारीक कणी आली होती, तांदळाच्या रव्याएवढी.

"अहो, न्हावी आजारी आहे," मी म्हणाले. "उचगावला माणूस पाठवून विचारा."

"असेल बाई. पण आमच्या पितरांचं काम आहे." त्या आत वळून म्हणाल्या, "त्या दुसऱ्या बाईंना चूल पेटवू द्या गं." म्हणजे दुसरी आधीच आणून ठेवली होती.

आत्या पदर ओढून घेऊन घराकडे वळली. आठवड्याने न्हावी बरा होऊन आला, ती त्याच्यापुढे बसली, सगळे यथास्थित झाले. पण तिला बोलवायला पुन्हा कुणी आले नाही.

अण्णांना हे मी सांगितले. ते फार खचले. दुसऱ्या आवृत्तीत ठळक अक्षरांत छापतो म्हणाले, की ही बाई काल्पनिक आहे, कुणीही स्वतःवर ओढून घेऊ नये.

"ते घराघरांत जाऊन बसलंय," आत्या म्हणाली. "तू कुणाकुणाचं दार वाजवणार?"

दिवाळीच्या सुट्टीत अण्णांना आजऱ्याला वाचनाला जावे लागले. आमंत्रण आधीच घेतलेले होते. ते परत आले तेव्हा आत्या घरात नव्हती. शेजारच्या यात्रेकरूंबरोबर ती नरसोबाच्या वाडीला गेली होती आणि तिथेच राहते असा तिचा निरोप होता. मी तिला अडवले होते. तिने ऐकले नाही.

आम्ही दोघे तिला आणायला गेलो. यात्रेकरूंच्या स्वयंपाकघरातून ती हात पुसत बाहेर आली आणि अण्णांना दिसताच त्यांना ओढत घाटाच्या आडोशाला घेऊन गेली.

"इथं नैवेद्याचं माझ्याकडं आहे," ती म्हणाली. "मी कुणाची बहीण हे कुणाला ठाऊक नाही. तुझं तोंड सगळ्यांनी सभांत पाहिलंय. पुन्हा इकडं येऊ नकोस."

"आक्का..."

"पोरगी आली तर चालेल. तू नको."

अण्णा पुन्हा वाडीला गेले नाहीत. पुढे त्यांनी शिवकालीन विषय घेतले, ज्यात कुणी जिवंत माणूस नव्हते. मी वर्षातून एकदोनदा वाडीला जाई. ती माझ्याशी स्वयंपाकाचेच बोले आणि अण्णांचे विचारीत नसे.

काही वर्षांनी वाडीहून माणूस आला, आत्या तापाने गेली म्हणून. अण्णा नव्या पुस्तकाची प्रुफे तपासत होते. त्यांनी हातातले पान खालपर्यंत पुरे केले, चष्मा काढला आणि म्हणाले, "तू जा. मला तिथं बंदी आहे."

मी गेले. घाटावर तिच्याबरोबरच्या बायका बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "तुम्हाला इथं येताना पाहिलंय. तुम्ही त्यांच्या कोण?"

"शेजारीण," मी म्हणाले.