रुचिताच्या लेकीचा नाच
आमच्या मोहन्याची मुलगी रुचिता. चष्म्यामुळे स्थळं परत जायची, म्हणून वडिलांनी लेझर करून तिचा नंबर घालवला. मग लग्न जमलं. बारा वर्षं छान गेली. पुढे त्या लेझरमुळेच बुबुळावरचा पडदा पातळ होऊन फुगला; आता चष्म्यानेही धड दिसत नाही.

परवा देवीच्या उत्सवात तिच्या लेकीचा कोळीनाच झाला. सगळ्या मुली एकसारख्या नटलेल्या. नाच संपताच रुचिताने धावत जाऊन एकीच्या गालांवरून हात फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

"मम्मी, मी इथे आहे गं," मागून लेक म्हणाली.

"अगं, सगळ्यांचीच दृष्ट काढतेय!" रुचिता हसली.

लेक आवाज न करता रडत होती. ते तिला दिसलं नाही, ही देवीचीच कृपा.