रुपयाची गोळी

अप्पा हुमनाबादला हायवेच्या कडेला बसून लॉऱ्यांच्या ताडपत्र्या शिवायचे. दुपारनंतर डोकं जड होतंय म्हणायला लागले, तेव्हा आईने त्यांना तिथल्याच एका डॉक्टरांना दाखवलं. बीपी निघालं.

त्या दवाखान्यात मीही बसले आहे. बाकांवर खेड्यातली माणसं ताटकळत असायची आणि टाय लावलेला औषध कंपनीचा माणूस बॅग घेऊन सगळ्यांच्या आधी आत जायचा. तो येऊन गेला की चिठ्ठीत एखादं नवं औषध वाढायचं. अप्पांच्या चिठ्ठीवर वर ताकदीची बाटली, मग रंगीत कॅप्सूल, पित्ताचं काहीतरी, आणि अगदी खाली एक बारकी पांढरी गोळी. डॉक्टर म्हणायचे, "सगळं घ्या." कोणतं कशासाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

औषधाचं दुकान शेजारीच, डॉक्टरांच्या मेहुण्याचं. मी पुण्याहून सुट्टीला आले की आई तिथलं बोलणं नकला करून सांगायची. पैसे कमी पडले की तो विचारायचा, "अक्का, यातलं काय काढू?"

"ती बारकी काढा. रुपयाच्या गोळीत काय दम असतोय?"

"आन् बाटली?"

"बाटली ऱ्हाऊ द्या. माणूस दिवसभर सुई ओढतंय, त्याला ताकद नको व्हय?"

अप्पा हसायचे. "तुझी आई मला महागाचा माणूस करायलीय."

मग एका सकाळी ताडपत्री अर्धी शिवून झाली आणि सुई धरलेला हात पुन्हा वर उचलेना. आम्ही त्यांना गुलबर्ग्याला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने चिठ्ठी वाचली, आईने आणलेली औषधांची पिशवी चाळली आणि मला बाहेर बोलावलं. चिठ्ठीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "बीपीची एवढी एकच. बाकीचं नसतं तरी चाललं असतं. नेमकी हीच का दिली नाही?"

आई आत अप्पांच्या उशाशी ताकदीची बाटली ठेवून बसली होती.

अप्पा गेले. भेटायला येणाऱ्या बायकांना आई सांगायची, "महागातलं महाग औषध केलं. कशाला म्हणून कमी पडू दिलं न्हाई." बायका मान हलवायच्या. मी चहाचे कप उचलून आत जायची. पुढे हुमनाबादच्या डॉक्टरांनी दवाखान्यावर दुसरा मजला चढवला.

काही वर्षांनी आईलाही बीपी निघालं. मी गुलबर्ग्याला दाखवून तीच पांढरी गोळी आणली. तिने ती तळहातावर घेऊन उलटीपालटी केली.

"एवढीच?"

"एवढीच लागते, आई."

"तुझ्या अप्पांना मी पिशवीभरून आणायची. तू पुण्यात एवढी कमवायलीस आन् मला रुपयाची गोळी? कामून गं, जड झाले का तुला?"

तिला उत्तर द्यायचं तर अप्पांचं सगळं सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "बाटली आणते उद्या."

दुसऱ्या दिवशी जाऊन डॉक्टरांच्या त्या मेहुण्याच्याच दुकानातून बाटली आणली. तो म्हणाला, "अम्माला आमचंच औषध मानवतंय बघा."

आता आई ती बारकी गोळी बाटलीतल्या गोड औषधाच्या घोटाबरोबर गिळते. बीपी आटोक्यात आहे. गुण बाटलीनं आला, असं शेजारणींना सांगते.