जुन्या शेडमधला पत्ता

माझं कामच असं आहे की बिघाडाला कारण असतंच, ते शोधायचं असतं. त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता... आजही नाही. पण हे कुठं बसवायचं, ते कळत नाही.

मी भोरला राहते, कॉम्प्युटर नेटवर्कची कामं करते. वेल्ह्याच्या अलीकडे एक दूध संकलन केंद्र आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथून सुनीतावहिनींचा फोन आला, "मॅडम, काट्यावरचं वजन कॉम्प्युटरवर लई उशिरा येतंय."

दुपारी पोचले. काटा आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत. मध्ये फक्त एक स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायची डबी. माहितीची पॅकेट्स कोणत्या वाटेनं जातात ते पाहायला ट्रेस लावला, तर मध्ये एक जास्तीचा पत्ता! तो होता मागच्या जुन्या शेडमधल्या राऊटरचा. शेड बंद झाली तेव्हा त्याची केबल मीच कापली होती.

वाटलं, दुसऱ्या कुठल्या यंत्रानं तोच पत्ता घेतला असेल. स्विचमधल्या वायरी एकेक करून काढल्या. शेवटी काटा आणि कॉम्प्युटर एवढेच उरले. पुन्हा ट्रेस. तोच पत्ता, उत्तर देतोय.

"वहिनी, शेडची किल्ली?"

"दगडूमामांकडं. पर ते सकाळच्या एसटीनं लेकीकडं गेलं न्हवं का."

दगडूमामा म्हणजे केंद्राचे राखणदार. "बघून तर येते." मला बसवेचना.

शेडला कुलूप नव्हतंच, कडीही काढलेली. दार ढकललं आणि कॅन ठेवायचा लोखंडी रॅक आडवा पडलेला दिसला. त्याखाली दगडूमामा. ओठ सुकलेले, डोळे उघडे.

मी ओरडले. वहिनी आणि टेम्पोवाला धावत आले, तिघांनी मिळून रॅक उचलला. टेम्पोत घालताना मामा पुटपुटले, "हाका मारून मारून घसा बसला, पोरी... कुनालाबी ऐकू गेलं न्हाई." एसटीला जायच्या आधी लेकीसाठी रिकामा कॅन घ्यायला ते आत गेले होते.

टेम्पो गेल्यावर मी राऊटर पाहिला. भिंतीवर, धुळीनं माखलेला. केबल कापलेलीच. शेडला वीजही नव्हती. ऑफिसात येऊन पुन्हा ट्रेस लावला... वाट सरळ, तो पत्ता गायब.

मामांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. आता काठी घेऊन हिंडतात. माझ्या क्षेत्रातले मित्र म्हणतात, जुनी नोंद राहिली असेल, स्विच बिघडला असेल. असेल! पण जुनी नोंद उत्तर देत नाही, आणि तो स्विच अजून तिथंच बिनतक्रार चालतोय.

परवा भोरमधल्या एका ऑफिसात ट्रेसमध्ये अनोळखी पत्ता आला. कुणीतरी घरचा राऊटर आणून जोडला होता, एवढंच. पण ते कळायच्या आधी मी उठून प्रत्येक खोलीचं दार उघडून पाहिलं होतं... माणसं मोजत.