व्हरांड्यातली जागा

वटवाघळांचा उग्र वास आला की बोरीकडच्या आमच्या गावातली निजामाच्या काळची बंद शाळा आठवते. ती सकाळी पाडणार होते, म्हणून आदल्या रात्री वडिलांनी ती बघायचा हट्टच धरला. मोबाईलच्या उजेडात मी वर्गात शिरले. ते मात्र बाहेर व्हरांड्यातल्या खांबाशी मांडी घालून बसले. त्यांच्या लहानपणी शिवाशिवीपायी आमच्या वस्तीतल्या पोरांना तिथंच बसवत. "बाबा, आत या की! आता कोण हाय अडवायला?" मी चिडून त्यांचा हात ओढला, तरी हलले नाहीत. "कशाला ओरडायलीस? हितून फळा लय चांगला दिसतो." फळा तर कधीच कुणीतरी उचलून नेला होता. आता मी शिकवते, अन् एखादं पोर दाराशी बसलं की त्याला "आत ये" म्हणताना माझा आवाज उगाच चढतो.