रुमालाखालचा विमा

सेनगावातले आमचे शेजारी बैलांचे दलाल. नवी वस्तू दिसली की आधी तिच्या पाठीवर थाप मारतात. बोलताना दर वाक्याला "बराबर हाय का न्हाई?" जोडतात आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच हसतात. माझ्या विजेवरच्या गाडीलाही त्यांनी थाप मारली होती, आणि दात पाहावेत तसं बोनेट उघडून पाहिलं होतं.

गाडीचा विमा संपत आला, तेव्हा मी दोन एजंट घरी बोलावले. त्या दोघा पोरांनी हप्ते दाखवायला मोबाइल काढले, तोच शेजारी अंगणात आले.

"ठेवा ते खिशात. चारचौघांत भाव फोडून राहिले व्हय?"

त्यांनी हातावर रुमाल टाकला. बैलबाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो, तसा त्यांनी दोघांकडून विम्याचा भाव घेतला. पोरं हसून लाल झाली, पण बोटं दाबत होती.

मग शेजारी मला म्हणाले, "ह्या चष्मेवाल्याचा घ्या. महाग हाय."

"महाग? मग काहून घ्यायचा?"

"बॅटरीत पाणी गेलं तर नुकसान भरून देता का, म्हणून बोटं दाबता दाबता हळूच इचारलं. दोघंबी व्हय म्हणले. पण ह्या सस्त्यावाल्याच्या हाताला घाम सुटला. बराबर हाय का न्हाई?"

या वेळी ते हसले नाहीत. सस्त्यावाल्या पोराकडे बघत थांबले.

पोरानं तळहात पँटीला पुसला आणि तोच आधी हसला. "बराबर हाय, काका."